कॅन्सर गेला, थकवा का जात नाही? चिनी ‘मोक्सा’ शेकाचा उपयोग किती आणि धोका किती

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनही संपलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत. घरच्यांना वाटतं, आता सगळं पूर्वीसारखं सुरू होईल. पण त्या बाईला सकाळी अंथरुणातून उठतानाच अंगात त्राण नसल्यासारखं होतं. आठ तास झोपूनही थकवा तसाच. चार भाकरी थापल्या की बसावं लागतं, जिना चढला की पाय गळून जातात. सांगितलेली गोष्ट डोक्यात राहत नाही. आणि आजूबाजूचे म्हणतात, “आता तर बरी झाली ना, मग काय झालंय हिला?”

हुपरीसारख्या गावात हा प्रश्न जास्तच बोचतो. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखलं जातं. इथल्या पैंजणांमागे घराघरातल्या बायकांचे हात आहेत. कड्या जोडणं, घुंगरू बसवणं अशी कामं घरी बसून होतात, आणि जेवढं काम तेवढी मजुरी. त्यामुळे बाई थकून बसली की घराच्या हिशोबात लगेच खड्डा पडतो. त्यात दवाखान्याचं कर्ज डोक्यावर असतं. अशा वेळी कोणी “थकवा जाण्याचा खात्रीचा उपाय” म्हणून काही सांगितलं की माणूस पटकन तिकडे वळतो.

अलीकडे मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये चिनी शेकाचं नाव दिसतं. वाळलेल्या पानांची कांडी पेटवून ती अंगाजवळ धरायची. या उपचाराला मोक्सिबस्टन किंवा थोडक्यात मोक्सा म्हणतात. हा प्रकार काय आहे, कॅन्सरनंतरच्या थकव्यावर त्याचा खरंच उपयोग होतो का, आणि आपल्या घरातल्या आपा, भाभी, अम्मी यांच्यासाठी तो कितपत सुरक्षित आहे, हे आम्ही इथे सोप्या शब्दांत सांगत आहोत.

हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे

आधी थकव्याचं समजून घेऊ. दिवसभर राबल्यावर येणारा थकवा झोपलं की जातो. कॅन्सरचा थकवा तसा नसतो. तो केलेल्या कामाच्या मानाने फार जास्त असतो, विश्रांतीने पुरता जात नाही, आणि शरीराबरोबर मन आणि बुद्धीलाही दमवतो. डॉक्टरी भाषेत त्याला स्वतंत्र नाव आहे, त्याच्या मोजणीसाठी प्रश्नावल्या आहेत. शून्य ते दहा या पट्टीवर रुग्णाला आकडा विचारतात. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला तर नीट तपासणी व्हायला हवी, असं मानतात.

उपचार संपल्यावर बऱ्याच जणींचा थकवा हळूहळू ओसरतो. पण काही जणींचा तो महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही राहतो. जागतिक कर्करोग संस्थेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. बायकांमध्ये हाच कॅन्सर आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळतो. उपचारांनी वाचणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणजे या थकव्यासोबत घर चालवणाऱ्या बायकांची संख्याही वाढते आहे.

थकव्यामागे पुष्कळदा अशी कारणं सापडतात ज्यांवर साधा इलाज आहे. रक्त कमी असणं म्हणजे हिमोग्लोबिन उतरलेलं असणं, थायरॉईडचा त्रास, साखर, झोप न लागणं, सततचं दुखणं, मनाची उदासी, केमोमुळे अचानक पाळी बंद होणं, कमी खाणं. म्हणून कुठलाही शेक घेण्याआधी पहिली पायरी रक्ततपासणीची आहे. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला कितीही शेक दिला तरी तिचा थकवा जाणार नाही. तिला आधी रक्त वाढवण्याचा उपचार हवा.

मोक्सा म्हणजे नक्की काय?

चीनमध्ये दवण्याच्या जातकुळीतलं एक रोप असतं. त्याची पानं वाळवून, कुटून त्यांचा कापसासारखा मऊ भुसा करतात. तो कागदात घट्ट गुंडाळला की विडीपेक्षा जाड अशी कांडी तयार होते. ती एका टोकाला पेटवायची, ज्योत विझवून नुसता निखारा ठेवायचा आणि त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटर वर धरायची. त्या जागी ऊब लागते, कातडी हलकी लाल होते. एका जागेवर साधारण दहा ते वीस मिनिटं असा शेक देतात. काही ठिकाणी आल्याची चकती त्वचेवर ठेवून तिच्यावर भुशाचा छोटा ढीग जाळतात.

‘मोक्सा’ हा शब्द जपानी ‘मोगुसा’वरून युरोपात गेला आणि तिथून जगभर पसरला. चिनी भाषेत ॲक्युपंक्चरला ‘जेन-जिऊ’ म्हणतात. त्यातला ‘जेन’ म्हणजे सुई आणि ‘जिऊ’ म्हणजे हाच शेक. म्हणजे तिकडे सुई आणि शेक ही जुळी भावंडं. चीनमधल्या मावांगदुई इथे इसवी सनापूर्वी १६८ साली बंद झालेली एक कबर १९७३मध्ये उघडली, तेव्हा तिच्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. त्यातही या शेकाची माहिती आहे. २०१०मध्ये युनेस्कोने ॲक्युपंक्चर आणि मोक्साला मानवाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

थकव्यासाठी सहसा गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेली जागा आणि बेंबीखालच्या एक-दोन जागा शेकतात. चिनी वैद्यांच्या मते आजाराने शरीरातली ‘ची’ नावाची शक्ती क्षीण होते, आत थंडपणा येतो, आणि उबेने ती परत जागी होते.

हा विचार आपल्याला अगदी परका वाटायचं कारण नाही. युनानी हकीम शरीराच्या मूळ उष्णतेला ‘हरारत-ए-ग़रीज़िया’ म्हणतात आणि ती घटली की अशक्तपणा येतो असं मानतात. युनानीत ‘तकमीद’ म्हणजे शेक देण्याचा उपचार आहेच. आपल्या घरांत बाळंतिणीला शेक-शेगडी देतात, गुडघ्याला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून लावतात. अशक्त शरीराला ऊब द्यावी, ही समजूत कोल्हापुरातही आहे आणि चीनमध्येही.

महाराष्ट्राचं आणि चिनी वैद्यकाचं एक जुनं नातंही आहे. १९३८मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस १९४२मध्ये तिथेच वारले. याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ती विद्या कोलकात्यात आणली. भारत सरकारने २०१९मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आणि नोंदणी करणारी परिषद आहे.

संशोधन काय म्हणतं?

आता मुद्द्याचं. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांची संघटना (ॲस्को) आणि पूरक उपचारांचा अभ्यास करणारी संघटना या दोघांनी मिळून २०२४मध्ये कॅन्सरच्या थकव्यावर मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. तोवर झालेले अभ्यास चाळून त्यांनी उपायांच्या पायऱ्या लावल्या.

उपचार संपलेल्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी सुचवायलाच हवेत असे उपाय तीन आहेत. पहिला व्यायाम. दुसरा, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन. तिसरा, मन एकाग्र करून शांत ठेवण्याचं प्रशिक्षण. त्याच्या खालच्या पायरीवर, म्हणजे ‘सुचवता येतील’ अशा उपायांत, योग, ॲक्युप्रेशर आणि मोक्सा या तिघांची नावं आहेत. म्हणजे मोक्साचं नाव अधिकृत यादीत आहे, पण ते ‘हवाच’मध्ये नाही, ‘चालेल’मध्ये आहे.

असं का? कारण मोक्सावरचे बरेच अभ्यास चीनमध्ये, थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. शिवाय एक मोठी अडचण आहे. गोळीची परीक्षा घेताना अर्ध्या लोकांना खरी आणि अर्ध्यांना खोटी गोळी देता येते, कोणाला काय मिळालं हे कळत नाही. शेकाचं तसं नाही. ऊब लागली, धुराचा वास आला की रुग्णाला लगेच कळतं. त्यामुळे बरं वाटलं ते शेकामुळे, की कोणीतरी वीस मिनिटं जवळ बसून प्रेमाने काळजी घेतली त्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण जातं. फायदा दिसतो, पण तो किती पक्का आहे हे छातीठोक सांगण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

याच सूचनांमध्ये काही उपाय नाकारलेही आहेत. थकव्यासाठी एल-कार्निटिन नावाची सप्लिमेंट देऊ नये, निव्वळ थकव्यासाठी डिप्रेशनच्या गोळ्या देऊ नयेत, असं तिथे म्हटलं आहे. ‘ताकद वाढवणाऱ्या’ महागड्या डब्यांवर पैसे घालण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

आणि एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायला हवी. मोक्सा हा थकव्यावरचा पूरक उपाय आहे, कॅन्सरवरचा इलाज नाही. कोणी “या शेकाने गाठ विरघळते” म्हणत असेल तर तिथून उठून यावं.

या बायकांना शेकाचा धोका जास्त का?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा काखेतल्या गाठीही काढतात. त्यामुळे त्या बाजूच्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि हात सुजू शकतो. ही सूज ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही येऊ शकते. त्या हाताला उष्णता लागली, चटका बसला, जखम झाली तर सूज वाढते आणि जंतुसंसर्ग पटकन पसरतो. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात, खांदा आणि छाती यांवर मोक्सा नको. गरम पाण्याची पिशवीही नको.

दुसरं, केमोच्या काही औषधांनी हातापायाची बोटं आणि तळवे बधिर होतात. बधिर कातडीला किती गरम लागतंय हे कळतच नाही. भाजलेलं नंतर फोड आल्यावर दिसतं. ज्यांना जुनी साखर आहे त्यांच्या पायांचंही असंच असतं.

तिसरं, रेडिएशन घेतलेली कातडी नाजूक असते, तिच्यावर शेक घेऊ नये. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा छोटासा फोडही महागात पडतो. आणि चौथा धूर. दमा असलेल्या बाईने बंद खोलीत मोक्सा घेणं म्हणजे एक दुखणं घालवताना दुसरं ओढवून घेणं.

हुपरीतल्या बहिणींना यात आणखी एक गोष्ट सांगायची आहे. चांदीच्या कामात जोड लावताना आगीशी संबंध येतो. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने ज्योतीजवळचं काम टाळा, शक्य तर ते घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा. कड्या जोडताना एकाच हाताची तीच ती हालचाल तासन्‌तास होते, म्हणून दर अर्ध्या तासाने थांबा, हात वर उचलून मोकळा करा. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. हात जड वाटला, अंगठी रुतायला लागली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

डागणं आणि शेकणं एक नव्हे

आपल्याकडे तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा काही भागांत अजून आहे. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटाला चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. लहान जीवांना त्यापासून वाचवण्यासाठी तिथे आरोग्य कर्मचारी झटत असतात. मोक्साच्या नावाखाली कोणी कातडी भाजेपर्यंत शेक देत असेल, व्रण उठल्याशिवाय गुण येत नाही म्हणत असेल, तर थकलेल्या, नुकत्या केमोतून उठलेल्या बाईने ते अजिबात करून घेऊ नये. नीट दिलेल्या मोक्साने ऊब लागते, चटका बसत नाही.

हिजामाबद्दलही वाचक विचारतात. हिजामात कातडीला बारीक चिरा देऊन रक्त काढतात. ज्या बाईचं रक्त आधीच कमी आहे तिच्या थकव्यावर रक्त काढणं हा उपाय होऊ शकत नाही. वर सांगितलेल्या २०२४च्या शिफारशींत हिजामाचं नाव नाही. श्रद्धेने करायचा असेल तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला व पाठीच्या त्या भागाला चीर लावू देऊ नका.

आगीशिवाय, पैशांशिवाय काय करता येईल?

मोक्सा देणारा नोंदणीकृत जाणकार हुपरीच्या बाईला जवळ मिळेलच असं नाही. पण त्याच यादीत त्याच पायरीवर असलेलं ॲक्युप्रेशर घरी करता येतं. त्यात सुई नाही, आग नाही, धूर नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या आणि थकव्याने त्रस्त असलेल्या २८८ महिलांवर याचा अभ्यास केला. तो २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. महिलांना शरीरावरच्या ठराविक जागा दाखवून दिल्या आणि रोज घरी स्वतःच्या बोटांनी प्रत्येक जागा तीन मिनिटं दाबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी, अंगाला आराम देणाऱ्या जागा दाबणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के महिलांचा थकवा सर्वसाधारण पातळीवर आला होता. नेहमीचीच काळजी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होतं. एकदा जाणकाराकडून जागा शिकून घेतल्या की हे काम सकाळच्या चहानंतर बसल्या जागी होतं.

त्याहून वरची पायरी चालण्याची. थकलेल्या माणसाला चालायला सांगणं उलटं वाटेल. पण २०१७मध्ये ११३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ११ हजारांहून जास्त रुग्ण होते. थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपाय जास्त गुणकारी ठरले, असा निष्कर्ष निघाला. साधारण सल्ला असा आहे की आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास, बारा आठवडे, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावं. पहिल्या दिवशी अर्धा तास जमणार नाही. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. फजरनंतर ऊन चढायच्या आत गावातल्या गावात चालायला एखादी शेजारीण सोबत घ्या. सोबत असली की खंड पडत नाही. हाडांत कॅन्सर पसरलेला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानेही स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले. त्यात अवघड आसनं नव्हती. सोप्या हालचाली, मध्ये मध्ये विश्रांती आणि श्वासाचे व्यायाम असा तो क्रम होता. थकलेल्या शरीराला झेपेल असंच ते बसवलेलं होतं.

रमजान जवळ आला की बऱ्याच बहिणी कोणाला न विचारता रोजे सुरू करतात आणि गोळ्यांच्या वेळा चुकतात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनातच आहे. डॉक्टरांशी आधी बोला. काही गोळ्या सेहरी-इफ्तारला बसवता येतात, काही जणींनी थांबणंच योग्य असतं.

गोळी मनाने बंद करू नका

स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेकींना पाच ते दहा वर्षं हार्मोनची गोळी घ्यावी लागते. या गोळीनेही अंग दुखतं, घाम फुटतो, झोप मोडते, थकवा वाढतो. “गोळीच बाधते” म्हणून ती मध्येच सोडून शेक किंवा काढा सुरू करणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, कारण ती गोळी कॅन्सर परत येऊ नये म्हणून असते. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलू शकतात. त्यासाठी तोंड उघडून सांगावं लागतं. पुढच्या तपासणीला कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईला जाल तेव्हा एका कागदावर लिहून न्या: थकवा दहापैकी किती, दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त, झोप किती, जेवण किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि बाहेरचा कुठला शेक, काढा किंवा हिजामा घेतला का. लपवू नका.

अचानक दम लागणं, छातीत दुखणं, ताप येणं, हाडांत नवं दुखणं सुरू होणं, हात एकाएकी सुजणं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर तो नेहमीचा थकवा समजून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

घरच्यांसाठी

मोक्साच्या अभ्यासातली अडचण आम्ही वर सांगितली, की गुण उबेचा की जवळ बसून काळजी घेणाऱ्या माणसाचा हे कळत नाही. संशोधकांसाठी ती अडचण आहे. घरच्यांनी मात्र त्यातून एवढं घ्यावं की काळजी घेण्यालाही गुण असतो. सासूबाईंनी, नवऱ्याने, मुलांनी पाणी भरणं, कपडे पिळणं, जड डबे उचलणं ही कामं काही महिने आपल्याकडे घ्यावीत. ज्या वेळी तिला बरं वाटतं ती वेळ तिच्या आवडीच्या कामासाठी मोकळी ठेवावी. पैंजणाचं काम कमी झालं तर मजुरीचा विषय तिच्या समोर रोज काढू नये.

तिला मोक्सा घ्यायचाच असेल तर उपचार संपल्यानंतर, कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून, नोंदणी असलेल्या जाणकाराकडे, हवेशीर खोलीत आणि ऑपरेशनचा हात सोडून घ्यावा. त्याआधी रक्त तपासून घ्या आणि चालणं सुरू करा. आणि “बरी झाली ना, मग काय झालंय?” असं विचारण्याऐवजी “आज दहापैकी किती थकवा आहे?” असं विचारा. उत्तर सात आलं, तर त्या दिवशीच्या भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापाव्यात.